बावीस श्रुती: हा आकडा आला कुठून?

सप्तकात बावीस श्रुती असतात, हे वाक्य संगीताच्या पहिल्याच परीक्षेला पाठ होते. षड्जाच्या (सा) चार, ऋषभाच्या (रे) तीन, गांधाराच्या (ग) दोन, मध्यमाच्या (म) चार, पंचमाच्या (प) चार, धैवताच्या (ध) तीन, निषादाच्या (नी) दोन. बेरीज बरोबर येते, गुण मिळतात आणि विषय तिथेच थांबतो. पेटीवर तर एका सप्तकात बाराच पट्ट्या असतात. मग उरलेल्या दहा गेल्या कुठे? आणि बावीसच का, वीस किंवा चोवीस का नाहीत? या प्रश्नांना नेमके उत्तर आहे. ते कोणालाही तारा जुळवून स्वतःच्या कानाने पडताळूनही पाहता येते.

आधी शब्द पाहू. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे. जे ऐकू येते, कानाने वेगळे ओळखता येते, ती श्रुती. वेदांना श्रुती म्हणतात तेही याच धातूवरून, कारण ते ऐकून जतन झाले. संगीतात मात्र हा शब्द आज किमान तीन अर्थांनी वापरला जातो आणि निम्मा गोंधळ त्यातूनच होतो. कर्नाटक संगीतात श्रुती म्हणजे गायकाचा आधारस्वर, आपण ज्याला पट्टी म्हणतो तो. ‘श्रुती माता, लय पिता’ या वचनात आणि श्रुतिपेटी या वाद्याच्या नावात हाच अर्थ आहे. हिंदुस्थानी गायकांच्या बोलण्यात ‘श्रुतीचा गांधार’ म्हणजे नेहमीच्या जागेपेक्षा किंचित चढा किंवा उतरा लावलेला गांधार. आणि शास्त्रग्रंथांतल्या बावीस श्रुती ही तिसरीच गोष्ट आहे. इथे मुख्यतः या तिसऱ्या अर्थाबद्दल बोलायचे आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात, अठ्ठाविसाव्या अध्यायात हा हिशेब येतो. तिथे श्रुती हे स्वरांमधले अंतर सांगायचे माप आहे. सात गावे आहेत आणि एका गावापासून दुसरे किती कोसांवर हे सांगितले आहे, असे समजा. बावीस कोस म्हणजे बावीस गावे नव्हेत. पेटीवर हरवलेल्या दहा पट्ट्या शोधायला निघालेला माणूस कोसांना गावे समजून चालत असतो. कोसाची उपमा मात्र इथपर्यंतच चालते. कोस सगळे सारखे असतात आणि श्रुती सारख्या नसतात. ते कसे, हे पुढे तारेवरच दिसेल.

हे आकडे वाचायची पद्धतही नीट समजून घ्यायला हवी. स्वराच्या श्रुती त्याच्या खालच्या बाजूला असतात. ऋषभाच्या तीन श्रुती म्हणजे षड्जापासून ऋषभापर्यंत चढताना तीन. गांधाराच्या दोन म्हणजे ऋषभापासून गांधारापर्यंत दोन. षड्जाच्या चार या मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, निषादापासून षड्जापर्यंतच्या. हे लक्षात घेऊन सप्तक मांडले, तर भरताचा षड्जग्राम, म्हणजे त्याचे मूळ सप्तक, आजच्या बिलावलासारखा, सगळे स्वर शुद्ध असलेला, निघत नाही. गांधार आणि निषाद दोन्ही उतरे येतात आणि सप्तक काफी थाटाच्या जवळ जाते. पहिल्यांदा पाहताना याचे नवल वाटते, पण हिशेब सरळ आहे.

आता बावीसचे मूळ. भरताने दोन स्वरांच्या मेळासाठी ‘संवाद’ हा शब्द योजला आणि नियम दिला: ज्या दोन स्वरांत नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर आहे ते एकमेकांचे संवादी. आजच्या भाषेत नऊ म्हणजे सा-म आणि तेरा म्हणजे सा-प. तंबोऱ्यावर पंचम बरोबर लागला की तारा एकजीव होतात, तोच हा संवाद. सा ते म नऊ, म ते तार (वरचा) सा तेरा, मिळून बावीस. हे आकडे कोणी वरून लादलेले नाहीत. दोन वीणा जुळवून ते काढायची रीत नाट्यशास्त्रातच दिली आहे आणि ती चार टप्प्यांची म्हणून पुढे सारणा-चतुष्टय या नावाने प्रसिद्ध झाली. भरताच्या काळातल्या चित्रा आणि विपंची या वीणांना सात आणि नऊ तारा असत, एका स्वराला एक तार. पडदे नव्हते. म्हणून हा प्रयोग सहज सुचला आणि जमला. आज तो करायचा तर दोन स्वरमंडळे, म्हणजे खुल्या तारांची वाद्ये, सर्वांत सोयीची.

दोन्ही स्वरमंडळांवर षड्जापासून तार षड्जापर्यंत आठ तारा घ्या. एकाला ‘ध्रुव’ म्हणू, त्याच्या खुंट्यांना जुळवल्यानंतर हात लावायचा नाही. दुसरे ‘चल’, ते उतरवत न्यायचे. हिशेब सोपा व्हावा म्हणून सा २४० हर्ट्झवर धरू, म्हणजे सेकंदाला २४० कंपने.

प्रथम दोन्ही सारखी जुळवा. सा वरून म आणि प: म ३२० वर, प ३६० वर. म चा मध्यम तो निषाद, ४२६.७ वर. त्या निषादाच्या एक पंचम खाली गांधार, २८४.४ वर. इथपर्यंत केवळ संवादाने काम होते. पण ऋषभ आणि धैवत राहतात आणि बहुतेक जणांचा प्रयोग इथेच फसतो. रे आणि ध एकमेकांचे संवादी आहेत, तेरा श्रुती. बाकी पाच स्वरांपैकी एकाशीही त्यांचे नऊ किंवा तेराचे नाते नाही! ही जोडी अधांतरी आहे. सवयीने आपण ऋषभ पंचमाशी जुळवतो, मंद्र पंचमाचा पंचम म्हणून, आणि तो २७० वर लागतो. तसे केले तर ऋषभ चार श्रुतींचा होतो आणि पुढचा सगळा प्रयोग कोसळतो.

वाट अशी. तंबोऱ्याच्या खर्जातून, म्हणजे मंद्र षड्जाच्या तारेतून, आपोआप ऐकू येणारा गांधार कानात पक्का करा, ज्याला स्वयंभू गांधार म्हणतात. षड्जाशी त्या गांधाराचे जे नाते, तेच मध्यमाशी धैवताचे ठेवा. म्हणजे म ला क्षणभर सा समजायचे आणि त्याचा शुद्ध गांधार लावायचा. धैवत ४०० वर येतो. त्याच्या एक पंचम खाली ऋषभ, २६६.७ वर. हा ऋषभ आपल्या नेहमीच्या ऋषभापेक्षा उतरा वाटेल. तसाच हवा.

पहिली सारणा. ध्रुव स्वरमंडळ बाजूला ठेवा. चल वर ऋषभ आणि पंचम एकत्र छेडा. त्यांच्यात दहा श्रुती आहेत, संवाद नाही, आवाज खरखरीत लागतो. पंचमाची खुंटी अगदी हलके सैल करत जा. एका जागी खरखर थांबते आणि दोन्ही तारा मिळून जातात, कारण अंतर नऊवर आले. पंचम ३६० वरून ३५५.६ वर उतरला. हा उतार म्हणजे प्रमाण-श्रुती. असा पंचम ज्यात आहे तो मध्यमग्राम. भरताच्या दोन ग्रामांत फरक आहे तो एवढ्या एका श्रुतीचा. आता हा उतरलेला पंचम आधार मानून चल च्या बाकी तारा पुन्हा षड्जग्रामात जुळवा. त्याचा षड्ज २३७ वर येईल. चल चा एकही स्वर अजून ध्रुव च्या कोणत्याही स्वराशी मिळत नाही.

दुसरी सारणा. चल चा गांधार ध्रुव च्या ऋषभात मिसळेपर्यंत उतरवा आणि त्यावरून बाकीचे जुळवा. चल चा निषादही ध्रुव च्या धैवताशी आपोआप मिळालेला दिसेल. षड्ज २२५ वर. तिसरी सारणा: चल चा ऋषभ ध्रुव च्या षड्जात मिसळवा, धैवत पंचमात जाऊन बसतो, षड्ज २१६ वर. चौथी: चल चा मध्यम ध्रुव च्या गांधारात मिसळवा. पंचम मध्यमाशी आणि षड्ज निषादाशी मिळतो. चल चा षड्ज आता २१३.३ वर आहे.

मोजणी अशी. दुसऱ्या सारणेला दोन स्वर दोन-दोन श्रुती उतरून मिळाले, म्हणजे चार. तिसऱ्यात दोन स्वर तीन-तीन, म्हणजे सहा. चौथ्यात तीन स्वर चार-चार, म्हणजे बारा. चार, सहा आणि बारा मिळून बावीस. कोणतेही यंत्र, कोणतेही गणिती कोष्टक हाताशी नसताना, केवळ ‘मिळाले’ आणि ‘नाही मिळाले’ एवढ्या दोन निर्णयांवर हा आकडा उभा केला आहे. प्राचीन शास्त्रातला इतका देखणा प्रयोग क्वचितच सापडेल, आणि संगीत शिकणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी करावा.

करताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. तारा चढवत जाण्यापेक्षा उतरवत जाणे बरे, कारण चढवताना बारीक तारा तुटतात. सगळ्या तारांचा ताण बदलला की चौकटीवरचा भारही बदलतो आणि आधी जुळवलेल्या तारा हलतात. म्हणून प्रत्येक सारणेनंतर फेरी दोनदा मारायची. तार जोराने छेडली की सुरुवातीला सूर क्षणभर चढा असतो. छेड हलकी ठेवा आणि आस स्थिरावल्यावरच निर्णय घ्या. दोन तारा मिळत आल्या की आवाजात डोल येतो, त्याला विस्पंद म्हणतात. डोल संथ होत होत थांबला की मिळाले. घाईने खुंटी फिरवली तर ती जागा ओलांडून खाली जाते, आणि मग पुढची प्रत्येक सारणा तेवढीच चुकते.

आता चल च्या षड्जाच्या उतरंडीकडे परत पाहा: २४०, २३७, २२५, २१६, २१३.३. पायऱ्या उघडच लहानमोठ्या आहेत. आजच्या मापात सप्तकाचे १२०० सेंट धरतात, पेटीच्या एका पट्टीपासून पुढच्या पट्टीपर्यंत १००. त्या हिशेबाने या चार पायऱ्या सुमारे २२, ९०, ७१ आणि २२ सेंटच्या भरतात. सगळ्या बावीस श्रुतींचे वजन केले, तर २२ सेंटच्या दहा, ७१ च्या पाच आणि ९० च्या सात निघतात आणि दशांश धरले तर बेरीज बरोबर १२०० होते. भरताने स्वतः कंपने किंवा तारेच्या लांब्या दिलेल्या नाहीत. हे आकडे त्याच्या संवादाच्या नियमाला धैवताचे स्वयंभू गांधाराशी असलेले नाते जोडून आपण काढलेले आहेत.

सर्वांत जास्त पसरलेली चूक या ठिकाणी दाखवता येते. ‘सप्तकाचे बावीस समान भाग’ असे पुष्कळदा लिहिले जाते. १२०० भागिले २२ केले तर एक भाग ५४.५ सेंटचा येतो. असे तेरा भाग घेतले तर पंचम ७०९ सेंटवर जातो, खरा पंचम आहे ७०२ वर. सा २४० असेल तर पंचम ३६० ऐवजी जवळपास ३६१.५ होतो आणि तंबोऱ्याच्या तारेशी सेकंदाला तीन डोल येतात. असा तंबोरा कोणीही गायक मांडीवर घेणार नाही. समान भाग म्हटले की संवाद मोडतो, आणि बावीस हा आकडा तर संवादातूनच आला.

पुढचा मोठा टप्पा तेराव्या शतकातला, आणि तो देवगिरीचा आहे. यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर लिहिला. त्याने श्रुती सिद्ध करायला प्रत्येकी बावीस तारांच्या दोन वीणा सांगितल्या: पहिली तार सर्वांत मंद्र, पुढची तिच्याहून इतकीच चढी की दोघींच्या मध्ये तिसरा नाद बसू नये. बावीस श्रुतींना तीव्रा, कुमुद्वती, मंदा, छंदोवती अशी नावे आहेत आणि दीप्ता, आयता, करुणा, मृदू, मध्या अशा पाच जाती. हृदय, कंठ आणि मूर्धा या तीन स्थानांत बावीस-बावीस नाड्या असल्याचेही तो सांगतो. भरताकडे जे कानाच्या निर्णयाने सिद्ध होत होते, त्याला इथे शरीराचा आधार दिला गेला. नावे आणि जाती पाठ करण्यात विद्यार्थ्यांची वर्षे जातात. श्रुती समजायला त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

बावीस या आकड्यावर सगळ्यांचे एकमत होते असेही नाही. शार्ङ्गदेवाच्या आधीच्या मतंगाच्या बृहद्देशीत वेगवेगळी मते नोंदलेली आहेत: कोणी बावीस म्हणतात, कोणी तिन्ही स्थाने धरून सहासष्ट, कोणी अनंत.

त्यानंतर संगीतच बदलले. एक कायमचा षड्ज धरून त्यावर सगळे राग बांधण्याची पद्धत रुळली, पडद्यांची वीणा आली, मध्यमग्राम व्यवहारातून गेला. दोन ग्रामांतला एका श्रुतीचा फरक मोजण्याची गरज उरली नाही. सतराव्या शतकात अहोबलाने संगीतपारिजातात स्वरांच्या जागा तारेच्या लांबीवरून सांगितल्या. ही अगदी वेगळी, अधिक नेमकी भाषा होती. तरी ग्रंथांत बावीसचा आकडा चालत राहिला, कारण तो परंपरेचा होता.

विसाव्या शतकात विष्णु नारायण भातखंडे यांनी बिलावल हे शुद्ध सप्तक ठरवले. जुने चार-तीन-दोन-चार हे आकडे त्यांनी तसेच ठेवले, पण स्वर शेवटच्या श्रुतीऐवजी पहिल्या श्रुतीवर बसवला. म्हणजे षड्जाच्या चार श्रुती आता षड्जाच्या वर, षड्जापासून ऋषभापर्यंत. तेच आकडे, पण काफीसारखे सप्तक जाऊन बिलावल निघाले. शिकवण्यासाठी ही मांडणी सोयीची आहे. परंतु भरताचे वर्णन वाचताना ती डोक्यात असली की एकही गोष्ट जुळत नाही. श्रुतींवरचे लेख वाचताना आधी एवढे पाहावे: लेखक स्वर पहिल्या श्रुतीवर बसवतो की शेवटच्या?

याच काळात कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींची निश्चित कंपने मांडण्याचा प्रयत्न केला. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१० चे. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यांना गाऊन साथ दिली, क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याने ते काम पुढे नेले आणि बावीस श्रुतींची हार्मोनियमही तयार झाली. त्यामागची कळकळ खरी होती. साध्या पेटीचा शुद्ध गांधार ४०० सेंटवर असतो, तंबोऱ्यातला स्वयंभू गांधार ३८६ वर. सा २४० असताना हे ३०२.४ आणि ३०० असे पडतात, आणि खर्जाच्या पाचव्या उपस्वराशी पेटीचा गांधार सेकंदाला जवळपास पाच डोल देतो. ज्याचा कान तयार आहे त्याला ते टोचतेच. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, तेव्हाच्या आक्षेपांतही न हलणारे सूर आणि मिंडेचा, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्याचा, अभाव हेच मुद्दे होते.

पण बावीस पट्ट्या केल्या म्हणजे राग पकडता येतो का? आमच्या मते नाही. दरबारीचा गांधार किंवा भैरवाचा ऋषभ हा एका जागी उभा राहणारा सूर नाही. तो आंदोलित आहे, खालच्या आणि वरच्या स्वरांच्या मध्ये सावकाश झुलतो. त्याची जागा म्हणून एकच कंपनसंख्या लिहिली तर झोका नाहीसा होतो. १९६३ मध्ये जैरझभॉय आणि स्टोन या संशोधकांनी प्रत्यक्ष मैफलींच्या ध्वनिमुद्रणांतले सूर मोजले, तेव्हा एकाच रागातला तोच स्वर निरनिराळ्या कलाकारांकडे निरनिराळ्या जागी लागलेला आढळला. ‘तोडीचा गांधार अतिकोमल’ असे गुरू सांगतात, तेव्हा ती दिशा असते: इकडे झुका, या स्वरावरून या मार्गाने या. ती बावीसांपैकी अमुक क्रमांकाची श्रुती दाबण्याची आज्ञा नसते.

तरीही एक प्रमाण-श्रुती, ते २२ सेंट, रियाजात रोज ऐकता येतात आणि त्यासाठी दोन स्वरमंडळे लागत नाहीत. तंबोऱ्याची पहिली तार पंचमावर लावा आणि शुद्ध ऋषभ लांब, सपाट, कंप न देता धरा. तो पंचमाशी मिळण्याकडे ओढला जातो आणि २७० च्या आसपास स्थिरावतो. पट्टी तीच ठेवून आता पहिली तार मध्यमावर उतरवा. आधी धैवत गा, मध्यमाचा गांधार म्हणून, आणि मग म वर थांबून ऋषभावर या. ऋषभ या वेळी २६६.७ कडे झुकतो. फोनमधल्या ट्यूनरला तुमचा षड्ज दिलात, तर पहिला ऋषभ काट्याच्या चार सेंट वर आणि दुसरा अठरा सेंट खाली दिसेल. सुरुवातीला दोन्ही सारखेच वाटतील. आठ-दहा दिवस दोन्ही तंबोरे आलटून पालटून घेतले, तर काट्याकडे न पाहताही कोणता कुठला ते कळू लागते. आवाज जोर देऊन लावला तर मात्र हा प्रयोग चुकतो, कारण जोरात सूर चढतो आणि बावीस सेंटचा फरक त्यातच बुडून जातो.